पानपूरकाचा मालक कोण?

माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देण्याचं दुकान नाशिकात रविवार कारंजाजवळ आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे कार्यअहवाल, आणि दिवाळीआधी दोन-तीन महिने स्मरणिका, छोटे दिवाळी अंक. हल्ली त्याच्या जोडीला संस्थांची फेसबुक पानं आणि रोजचे सुविचारही आम्हीच बनवून देतो. या धंद्यात एक शब्द सतत कानावर पडतो, तो म्हणजे पानपूरक. लेख पानाच्या तळापर्यंत पोचला नाही, खाली दोन-तीन इंच जागा उरली, की तिथे टाकायचा मजकूर. चारोळी, विनोद, बोधकथा, काहीही चालतं. पूर्वी त्यासाठी दुकानात कात्रणांची फाइल असायची. आता गिऱ्हाईक फोनच पुढे करतं. "हे ग्रुपवर आलंय बघा, छान आहे, लावून टाका खाली."

चार वर्षांपूर्वी अशीच एक गोष्ट मी एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत लावली. शेवटची एसटी चुकलेल्या आजोबांची, जेमतेम पाऊण पानाची. खाली इमानाने लिहिलं: 'लेखक अज्ञात, व्हॉट्सॲपवरून साभार'. संघाच्या काकांनी अंकाची पीडीएफ सगळीकडे पाठवली. आठवड्याभराने नाशिकरोडहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला.

"दादा, लेखक अज्ञात नाहीये. लेखक बोलतेय."

बाई चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्यांनी ती गोष्ट फेसबुकवर स्वतःच्या नावानिशी टाकली होती. कुणीतरी ती उचलताना नाव गाळलं, पुढच्याने शेवट बदलला. "माझ्या गोष्टीतले आजोबा शेवटी स्टँडवरच बसून राहतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही छापलेल्या गोष्टीत मुलगा मोठी गाडी घेऊन येतो आणि पाया पडतो. हे कोणी लिहिलं?"

मला काय माहीत. मी फक्त फॉन्ट लावला होता. पण त्या फोननंतर मी माझ्या एका वकील गिऱ्हाइकाला गाठलं. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या कोर्टात त्यांचं रोजचं जाणं-येणं, लेटरहेड आमच्याकडचं. त्यांना चहा पाजून पाजून जे समजून घेतलं, आणि नंतर स्वतः कायदा उघडून वाचलं, ते इथे लिहितो आहे.

सुरुवात तिथूनच करू जिथे माझी चूक झाली. आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो म्हणतो की गोष्ट, कविता, लेख लिहून झाला की त्यावरचा हक्क त्याच क्षणी लिहिणाऱ्याचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही, गोलातला 'सी' लागत नाही, 'सर्व हक्क सुरक्षित' ही ओळही लागत नाही. हा हक्क सोडण्यासाठी काही करावं लागतं, मिळवण्यासाठी नाही. फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं म्हणजे तो सोडला असं होत नाही. वाचायला मोकळं असणं निराळं आणि उचलायला मोकळं असणं निराळं. गोदाघाटावर बसायला पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी पायऱ्या उचलून घरी नेत नाही.

आता 'लेखक अज्ञात'. कायद्यात निनावी लेखनाचीही सोय आहे. नाव न घालता किंवा टोपणनावाने छापलेल्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मधल्या काळात लेखकाची ओळख उघड झाली तर त्याला नेहमीची, त्याहून लांब मुदत मिळते. म्हणजे खरोखरच निनावी असलेली गोष्टसुद्धा बेवारस नसते. बाईंची गोष्ट तर निनावी नव्हतीच. तिचं नाव वाटेत हरवलं होतं, आणि मी त्या हरवण्यावर शिक्का मारला.

'साभार' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका गैरसमज. 'साभार' लिहिलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण परवानगी घेणं आणि नाव देणं ही कायद्याच्या नजरेत दोन वेगळी देणी आहेत. एक आर्थिक हक्क: प्रती काढणं, लोकांपर्यंत पोचवणं, अनुवाद करणं, रूपांतर करणं. हे फक्त हक्कदार करू शकतो किंवा त्याने परवानगी दिलेला. दुसरा हक्क कलम ५७ मधला. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि माझ्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी तिची मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा. हा हक्क लेखकाने बाकी सगळे हक्क विकून टाकले तरी त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्या पश्चात वारस तो बजावू शकतात. 'साभार'ने, तेही नाव असेल तर, या दुसऱ्या हक्काचा थोडा मान राखला जातो. पहिला तसाच थकीत राहतो. माझ्या स्मरणिकेत दोन्ही थकले होते, वर मोठी गाडी.

'आम्ही कुठे पैसे कमावतो, फुकट वाटतो' हेही रोज ऐकतो. फुकट वाटल्याने चूक पुसली जात नाही, फार तर हलकी होते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून ही शिक्षा कमी करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. सुविचार टाकणाऱ्या काकांना पोलीस घेऊन जातील अशी भीती मला घालायची नाही. व्यवहारात बहुतेक प्रकरणं एका फोनवर आणि एका दुरुस्तीवर मिटतात, माझं मिटलं तसं. पण 'याला कायदाच नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचून ठेवावेत.

मग मोकळं काय आहे? बरंच काही.

कल्पना मोकळी आहे. शेवटची एसटी चुकलेल्या आजोबांवर उद्या तुम्हीही गोष्ट लिहू शकता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका नाटकावरून आणि चित्रपटावरून झालेल्या वादात हे पक्कं केलं, की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर. मिसळीचं वाटण कसं करायचं ही माहिती सगळ्यांची. पण एखाद्या बाईंनी आपल्या आजीच्या चुलीपाशी नेऊन ते दोन पानांत सांगितलं असेल, तर ती दोन पानं त्यांची. नुसत्या शीर्षकावरही कॉपीराइट नसतो, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. बातमीतली घटना मोकळी, बातमीदाराची वाक्यं नाहीत.

आणि जुनं लेखन मोकळं आहे, पण 'जुनं' म्हणजे किती जुनं ते मोजावं लागतं. हे गणित मला फार आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो. लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीला त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. त्याच सुमाराला कायदा बदलून मुदत १० वर्षांनी वाढवली गेली, आणि ती वाढ मग सगळ्यांनाच मिळाली.

आता नाशिकपुरतं मोजून बघा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली इथल्याच तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० साली गेले. १९५१ पासून ६० वर्षं म्हणजे २०१० ची अखेर. १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक कुणीही छापू शकतं, वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. (हक्क संपला म्हणून गुरुजींचं नाव काढून स्वतःचं लावता येईल, असा मात्र कुणी अर्थ काढू नये. काढणारे भेटले आहेत म्हणून सांगतो.) भगूरचे सावरकर १९६६ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या साहित्याची मुदत २०२६ च्या अखेरीपर्यंत. आणि आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज? ते गेले १९९९ साली. म्हणजे त्यांच्या कविता १ जानेवारी २०६० ला मोकळ्या होतील, आज नाहीत. दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी शहरातल्या प्रत्येक फलकावर त्यांची अख्खी कविता असते आणि खाली प्रायोजकाचा फोटो कवीच्या नावापेक्षा मोठा असतो. फलकाच्या फाइली माझ्याकडेही येतात. मी आता विचारतो, परवानगी आहे का. उत्तर एकच असतं, "अहो, ते तर आपलेच."

बहिणाबाईंचं उदाहरण आणखी गमतीचं. त्या १९५१ साली गेल्या, आणि कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली, त्यांच्या पश्चात. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून तिथे हिशेब एक वर्षाने पुढे सरकतो, २०१२ च्या अखेरीपर्यंत.

संतांच्या अभंगांना, जात्यावरच्या ओव्यांना ही मोजणी लागूच नाही. पण तुकोबांचा अभंग मोकळा असला तरी एखाद्या गायकाने गायलेलं त्याचं अलीकडचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, त्याचा हक्क वेगळा आणि मुदतही वेगळी. तसंच पंचतंत्रातली गोष्ट मोकळी, पण हल्लीच्या लेखकाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली आणि चित्रकाराने रंगवलेली आवृत्ती त्यांची. सुविचाराच्या मागे लावायला गूगलवरून उचललेला रामकुंडावरच्या सकाळचा फोटोही कुणीतरी पहाटे उठून काढलेला असतो. या बाबतीत आमचा धंदा फार वर्षं आंधळा राहिला.

हयात किंवा अलीकडच्या लेखकाचं अवतरणही घेता येतं. कायद्यात कलम ५२ आहे, त्यात रास्त वापराची यादी आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, टीका किंवा परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी, वर्गात शिकवताना. परीक्षणात कादंबरीतला एक उतारा देऊन त्यावर चार परिच्छेद लिहिलेत, तर ते रास्त. उताऱ्यामागून उतारे देऊन मध्ये फक्त 'वा!' लिहिलंत, तर ते परीक्षण नव्हे.

किती शब्द चालतात, हे विचारायला लोक हमखास येतात. कुणी ५० शब्द सांगतं, कुणी १० टक्के, कुणी ३० सेकंद. यातला एकही आकडा आपल्या कायद्यात नाही. न्यायालय बघतं ते असं: का घेतलं, मूळ कृतीच्या मानाने किती घेतलं, आणि ते वाचून मूळ कृती विकत घेण्याची गरज उरते का. इथे मराठीची एक खास अडचण आहे. चारशे पानांच्या कादंबरीतली चार वाक्यं म्हणजे काहीच नाही. पण चारोळीच्या चार ओळी म्हणजे अख्खी चारोळी. अलक, म्हणजे ती पाच-सात ओळींची अति लघु कथा, 'थोडीशी' उद्धृत करताच येत नाही. जितकी कृती लहान तितकी ती उचलायला सोपी, आणि उचलली की सगळीच्या सगळी जाते. पानपूरकाच्या जागेत नेमकं हेच मावतं, म्हणून नेमके हेच लेखक सर्वाधिक नागवले जातात. कादंबरीकाराची कादंबरी कुणी स्मरणिकेच्या तळाशी छापत नाही.

अभिवाचनाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण टाळेबंदीनंतर प्रत्येक गल्लीत एक कथावाचनाचा चॅनेल निघाला आहे. एखाद्या हौशी मंडळाने वाचनालयाच्या सभागृहात, तिकीट न लावता, एखादी कथा वाचली तर त्याला कलम ५२ मध्ये जागा आहे. प्रकाशित पुस्तकातले बेताचे उतारे लोकांसमोर वाचायलाही हरकत नाही. पण तीच कथा मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवली, की चित्र बदलतं. आता ती सभागृहातल्या ४० माणसांपुरती राहिली नाही, तिची प्रत तयार झाली आणि ती जगापुढे ठेवली गेली. त्याला परवानगी लागते, चॅनेलला पैसे मिळत नसले तरी. 'लेखकाचीच प्रसिद्धी होते ना' हा युक्तिवाद फक्त लेखकाने करायचा असतो.

भाषणाचंही तसंच. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, संध्याकाळी घाटावर बसून ऐकण्यासारखं सुख नाही. तिथल्या जाहीर भाषणाचा वृत्तांत लिहायला कायद्याची आडकाठी नाही. पण भाषणाचा पहिला हक्कदार वक्ता असतो, हे कायद्याने स्पष्ट म्हटलं आहे. दीड तासाचं भाषण शब्दशः उतरवून पुस्तिका काढायची, तर त्यांना विचारा.

विचारणं म्हणजे नेमकं काय, तर आमच्या दुकानात आता असा निरोप तयार असतो, गिऱ्हाइकाच्या फोनवरून तोच जातो:

'नमस्कार ताई. आपली अमुक कथा आमच्या संघाच्या स्मरणिकेत छापायची इच्छा आहे. ५०० प्रती, विनामूल्य वाटप, पीडीएफ सभासदांच्या ग्रुपवर जाईल. कथेत बदल करणार नाही. आपलं नाव कसं द्यावं ते कळवा. मानधन देऊ शकत नाही, अंकाच्या दोन प्रती पाठवू. लेखी होकार द्यावा.'

कायद्याला परवानगी लेखी हवी असते. 'हो, छापा' एवढंच उत्तर आलं तरी ते जपून ठेवायचं, स्क्रीनशॉट काढून त्या कामाच्या फोल्डरमध्ये. आणि होकार जेवढ्याला मिळाला तेवढ्याच कामाला वापरायचा. स्मरणिकेसाठी घेतलेल्या परवानगीवर पुढच्या वर्षी कॅलेंडर काढता येत नाही. लेखक सापडलाच नाही तर? अशा लेखनासाठी रीतसर परवाना मागण्याची वाट कायद्यात आहे, पण पाऊण पानाच्या गोष्टीसाठी त्या वाटेने कोण जाणार. दुसरी गोष्ट लावावी. आणि वाक्य गूगलमध्ये अवतरणचिन्हांत टाकून शोधलं तर निम्मे 'अज्ञात' लेखक दोन मिनिटांत ज्ञात होतात. फक्त एक सावधगिरी: 'पु. लं.चं' म्हणून फिरणारं सगळं पु. लं.चं नसतं. खऱ्या लेखकाचं नाव पुसण्याची ही आणखी सभ्य रीत, मोठ्या माणसाचं नाव चिकटवायचं.

दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांनी उलट बाजू ध्यानात ठेवावी. मानधन घेतलं म्हणजे कथा विकली असं नाही. हक्क कायमचा दुसऱ्याकडे जायचा तर लेखी, सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

तुमचंच लेखन कुणी उचललं तर आधी स्क्रीनशॉट, तारीख आणि दुवा दिसेल असा. मग त्या माणसाला साधा निरोप, बहुतेक वेळा तिथेच संपतं. नाही संपलं तर ज्या माध्यमावर टाकलंय त्यांच्याकडे तक्रार. रीतसर लेखी तक्रार आली की नियमांनुसार ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू लागू शकतो. आणि दावा लावायचाच झाला तर नागपूरच्या माणसाने उचललं म्हणून नागपूरला खेटे घालायला नकोत. तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, ही सवलत कलम ६२ ने दिली आहे. नोंदणी सक्तीची नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. पण साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे आणि दाखला पुरावा म्हणून कामी येतो, तेव्हा पुस्तक निघत असेल तर करून टाकावी.

नाशिकरोडच्या बाईंचं पुढे काय झालं, तर संघाच्या काकांनी पुढच्या अंकात दिलगिरी छापली आणि त्याखाली ती गोष्ट बाईंच्या नावाने, मूळ शेवटासकट. आजोबा स्टँडवर बसून आहेत, दिवे एकेक करून मालवतायत. मोठ्या गाडीच्या शेवटापेक्षा तो कितीतरी बरा होता. काकांना मात्र अजूनही गाडीवालाच आवडतो.

पानाखालच्या उरलेल्या जागेत आता दुकानातली मुलगी पेनाने छोटी चित्रं काढते. नारोशंकराची घंटा, कारंजावरचा चहावाला, पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती. वकीलसाहेबांना ती दाखवली तर म्हणाले, "पगारावर आहे ना? मग वेगळा करार नसेल तर हक्क तुझा." असेल. चित्राखाली नाव तिचं जातं, सहा पॉइंटात, आणि प्रूफ वाचताना तेवढं ती दोनदा तपासते.